परदेशातील विवाह आणि धर्मग्रामाची नोंदवही

२०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’ या कार्यक्रमातून परदेशात जाऊन विवाहसोहळे करणाऱ्या कुटुंबांना उद्देशून प्रश्न केला होता की, हे विवाह आपल्याच देशात का होऊ नयेत? वृत्तपत्रांतून त्यावर बरीच चर्चा झाली. समुद्रकिनारे, राजवाडे, विमानाने नेलेले वऱ्हाड यांविषयी पुष्कळ लिहिले गेले. आमच्या जळगाव-धुळ्याच्या धर्मग्रामांत मात्र हा विषय वेगळ्या वाटेने येतो. येथील मुलगी परिचारिका म्हणून आखातात गेलेली असते, मुलगा तंत्रज्ञ म्हणून जर्मनीत असतो, ओळख तिकडेच होते आणि दोघांना एकाच वेळी महिन्याची रजा मिळणे दुरापास्त असते. मग आईवडील चर्चच्या कार्यालयात येऊन विचारतात, ‘‘फादर, पोरांचं लग्न तिकडंच लावता येईल का? कागद कोणते लागतील?’’

उलट दिशेनेही हा प्रश्न येतो. भुसावळच्या रेल्वे वसाहतीतून एका पिढीपूर्वी परदेशी गेलेल्या गोवेकर व अँग्लो-इंडियन कुटुंबांची नातवंडे आज परकीय पारपत्र बाळगून आहेत. त्यांच्यापैकी कोणाला आजीआजोबांचा विवाह ज्या वेदीसमोर झाला तेथेच आपलाही व्हावा असे वाटते. दोघेही परकीय नागरिक आणि विवाह खानदेशात. त्यांच्या दृष्टीने परदेश तो आपला.

२०२४ च्या फेब्रुवारीत दोन घटना घडल्या, म्हणून या विषयाकडे आम्ही वळत आहोत. महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठविण्याचा करार केला, आणि त्याच महिन्यात बाविसाव्या विधी आयोगाने अनिवासी भारतीय व परदेशस्थ भारतीय नागरिकत्वधारक यांच्या वैवाहिक प्रश्नांवरील आपला २८७ वा अहवाल सादर केला. पहिल्या घटनेने जाणाऱ्यांची वाट रुंद केली. दुसरीने हे मान्य केले की, या वाटेवरील विवाहांचे कायदे अपुरे आहेत.

आपल्या लोकांची समजूत कोठून आली?

कॅथोलिक कुटुंबांत सर्रास आढळणारी एक समजूत अशी आहे की, धर्मगुरूने विवाह लावला, वहीत सह्या झाल्या, की चर्चचे आणि सरकारचे, दोन्ही काम एकदमच झाले. ही समजूत खोटी नाही. भारतापुरती ती बव्हंशी खरी आहे, आणि म्हणूनच ती परदेशात दगा देते.

तिचे मूळ १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यात आहे. वधूवरांपैकी एक जरी ख्रिस्ती असला तरी विवाह या कायद्याप्रमाणे व्हावा, असे त्याचे चौथे कलम सांगते. पाचव्या कलमात विवाह कोण लावू शकतो याची यादी आहे आणि तीत बिशपांच्या हस्ते गुरुदीक्षा मिळालेल्या धर्मगुरूचा उल्लेख पहिला आहे. त्याला सरकारचा वेगळा परवाना लागत नाही. तिसाव्या कलमात तर रोमन कॅथोलिक विवाहांसाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. नोंद कोणी व कोणत्या नमुन्यात करावी हे त्या धर्मप्रांताचे बिशप ठरवतात, आणि त्या नोंदींचे विवरण दर तीन महिन्यांनी राज्याच्या जन्म, मृत्यू व विवाह महानिबंधकांकडे पाठवावयाचे असते. म्हणजे जळगावचा किंवा धुळ्याचा धर्मगुरू विवाहाच्या दिवशी जी वही उघडतो ती एकाच वेळी ख्रिस्तसभेची आणि राज्याची असते. (ही त्रैमासिक विवरणे वेळेवर पाठविण्यात आपण किती तत्पर असतो, हा प्रश्न आम्ही आमच्या गुरुबंधूंपुढे येथे केवळ ठेवून पुढे जातो.)

पुष्कळ देशांत ही दोन कामे दोन वेगळ्या खोल्यांत होतात. फ्रान्समध्ये विवाह नगरपालिकेत लागतो. त्याचा पुरावा पाहिल्याविना धार्मिक विधी लावण्याचा परिपाठ ठेवणाऱ्या धर्मगुरूला तेथील दंडसंहितेत शिक्षा आहे. जर्मनीतही कायद्याचा विवाह नागरी नोंदणी कार्यालयातच होतो. २००९ पूर्वी तेथे त्याआधी चर्चमध्ये विवाह करण्यास मनाई होती. ती आता उठली, तरी केवळ चर्चमध्ये झालेल्या विवाहाला जर्मन कायद्याच्या दृष्टीने परिणाम नाही. इटलीमध्ये मात्र १९२९ च्या लॅटरन कराराने आणि १९८४ मध्ये झालेल्या त्याच्या सुधारणेने कॅथोलिक विवाहाला नागरी परिणाम दिला आहे. धर्मगुरू पतिपत्नीच्या हक्क-कर्तव्यांविषयीची कलमे वाचून दाखवतो आणि विवाहाची नोंद नागरी वहीत उतरवली जाते. अमेरिकेतील पद्धत आपल्या लोकांना अधिक ओळखीची वाटेल. जोडपे आधी स्थानिक कार्यालयातून विवाहाचा परवाना आणते, धर्मगुरू विधी झाल्यावर त्यावर स्वाक्षरी करतो आणि कागद परत कार्यालयात जातो. संयुक्त अरब अमिरातींत मुस्लिमेतरांच्या नागरी विवाहासाठी प्रथम अबुधाबीने २०२१ मध्ये कायदा केला, आणि फेब्रुवारी २०२३ पासून संघराज्याचाही तसा कायदा लागू झाला.

पर्यटनस्थळांची स्थिती अधिक फसवी आहे. थायलंडमध्ये हॉटेलच्या हिरवळीवर झालेल्या सोहळ्याला कायद्याच्या दृष्टीने काहीच अर्थ नसतो. आपल्या दूतावासाकडून विवाहास मोकळे असल्याचे पत्र, त्याचे थाई भाषांतर, तेथील परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग जिल्हा कार्यालयातील नोंदणी, एवढे झाले तरच विवाह झाला. इंडोनेशियात १९७४ च्या कायद्यानुसार विवाह वधूवरांच्या धर्मानुसार व्हावा लागतो व नंतर त्याची नोंद व्हावी लागते. त्यामुळे बालीत भिन्नधर्मीय जोडप्याची अडचण होते. सोहळा आयोजित करणारी कंपनी हे सारे सांगतेच असे नाही. तिच्या लेखी मांडव, फुले व छायाचित्रे म्हणजे विवाह.

‘‘आम्ही आपले फादर बरोबर नेऊ’’ हेही आम्ही ऐकले आहे. येथे दोन्ही कायदे आड येतात. १८७२ च्या कायद्याने धर्मगुरूला दिलेला अधिकार भारताच्या हद्दीत संपतो. आणि ख्रिस्तसभेच्या कायद्यातील ११०८ ते ११११ या कलमांनुसार विवाहाला साक्षी राहण्याचा अधिकार त्या ठिकाणच्या प्रमुख धर्मगुरूचा किंवा बिशपांचा असतो. त्यांनी तो रीतसर सोपविल्याशिवाय पाहुणा धर्मगुरू, मग तो बालपणापासूनचा मित्र का असेना, विवाह वैधपणे लावू शकत नाही. शिवाय कॅथोलिकांचा विवाह धर्मग्रामाच्या चर्चमध्ये व्हावा, अन्य चर्च वा प्रार्थनामंदिरासाठी परवानगी घ्यावी, इतर जागेसाठी बिशपांनी अनुमती द्यावी, असे १११८ वे कलम आहे. वाळूवर उभारलेल्या कमानीखाली आमचा सोबती धर्मगुरू प्रार्थना म्हणेल, आशीर्वाद देईल, पण अधिकार सोपविलेला नसेल तर ते दोघे ख्रिस्तसभेच्या दृष्टीने आणि राज्याच्याही दृष्टीने अविवाहितच घरी परततील.

भारताचा कायदा सीमेबाहेर

दोघांपैकी एक जण तरी भारताचा नागरिक असेल तर १९६९ चा परदेशी विवाह कायदा उपयोगी पडतो. आपल्या वकिलातीतील विवाह अधिकाऱ्यापुढे या कायद्याने विवाह लावता येतो. वराचे वय २१ व वधूचे १८ पूर्ण हवे, कोणाचाही आधीचा जोडीदार हयात नसावा, नाते निषिद्ध नसावे. मामाच्या मुलीशी विवाहाची चाल असलेल्या घरांनी या शेवटच्या अटीकडे विशेष पाहावे. व्यक्तिगत कायद्याने मुभा असेल तर नागरी कायद्यात वाट आहे, परंतु ख्रिस्तसभेत त्यासाठी विशेष सूट मागावी लागते. नोटीस देण्यापूर्वी दोघांपैकी एकाचे त्या विवाह अधिकाऱ्याच्या क्षेत्रात किमान ३० दिवस वास्तव्य हवे. नोटीस तेथे लागते, भारतातही प्रसिद्ध होते, हरकतीसाठी ३० दिवस दिले जातात, आणि तीन साक्षीदार लागतात. विवाह त्या देशाच्या कायद्याने निषिद्ध असेल तर अधिकारी तो लावू शकत नाही.

याच कायद्याचे सतरावे कलम आपल्या लोकांना फारसे माहीत नाही, आणि आमच्या मते तेच अधिक कामाचे आहे. परदेशात तेथील कायद्याने रीतसर विवाह झाला असेल आणि एक जोडीदार भारतीय असेल, तर त्या विवाहाची नोंद वकिलातीत करून घेता येते. पुढे पत्नीचे पारपत्र, मुलाची जन्मनोंद, निवृत्तिवेतन, वारसा यांपैकी कोणतेही काम निघाले की जळगावच्या कार्यालयात इटालियन वा जर्मन भाषेतील कागद घेऊन उभे राहण्यापेक्षा भारताच्याच अधिकाऱ्याने दिलेले प्रमाणपत्र हाती असणे किती सोयीचे, हे सांगावयास नको. तरीही अनेक जण ही नोंद करीत नाहीत. विवाह झाला, छायाचित्रे आली, कामावर रुजू झाले. गरज पडते ती दहा वर्षांनी, आणि बहुधा पतीच्या निधनानंतर किंवा पती नाहीसा झाल्यावर. तेव्हा कागद शोधणारी स्त्री एकटी असते.

मोकळीक कोण लिहून देणार?

परकीय जोडप्याला जवळजवळ प्रत्येक देश एक गोष्ट मागतो. ही व्यक्ती विवाहास मोकळी आहे, असे तिच्या देशाने लिहून द्यावे. ब्रिटनमध्ये स्थानिक नोंदणी कार्यालय २८ दिवस नोटीस लावून तसा दाखला देते. अमेरिकेत वैवाहिक स्थितीची केंद्रीय नोंदच नाही, म्हणून तेथील नागरिक प्रतिज्ञापत्र करतो. भारताची स्थिती अमेरिकेसारखी, पण तीहून गुंतागुंतीची. येथे एक विवाह ख्रिस्ती कायद्याने, दुसरा हिंदू विवाह कायद्याने, तिसरा विशेष विवाह कायद्याने, आणि चौथा कोठेच न नोंदलेला. १४ फेब्रुवारी २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचा आदेश राज्यांना दिला. तरीही या साऱ्या नोंदी एकत्र पाहून ‘हा अविवाहित आहे’ असे सांगू शकेल असे एकही कार्यालय आपल्याकडे उभे राहिले नाही. म्हणून तहसील कचेरी किंवा नोटरीसमोर शपथपत्र करावयाचे, त्यावर वरचे शिक्के घ्यावयाचे, आणि परदेशी अधिकाऱ्याने त्यावर विश्वास ठेवावा अशी आशा करावयाची.

जर्मनी ती आशा फारशी पुरवीत नाही. तेथील नागरी संहितेच्या १३०९ व्या कलमानुसार परकीयाने विवाहक्षमतेचा दाखला आणावा लागतो. ज्या देशांत तसा दाखला देणारे कार्यालय नाही त्यांच्या नागरिकांना तेथील उच्च प्रादेशिक न्यायालयाचे अध्यक्ष त्यातून सूट देतात, आणि त्यासाठी जन्माचा व अविवाहित असल्याचा कागद तपासला जातो. भारत २००५ मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला, त्यामुळे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का करारातील देशांत चालू लागला. परंतु जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली. परिणामी जर्मन कार्यालय आपल्या दूतावासामार्फत कागदांची प्रत्यक्ष पडताळणी करवून घेते. त्याकामी नेमलेला माणूस ज्या कार्यालयाने कागद दिला तेथे जातो, शाळेत जातो, कधी शेजाऱ्यांकडेही विचारपूस करतो. यात महिने जातात. कंटाळलेली पुष्कळ जोडपी जर्मनीतून डेन्मार्कला जाऊन विवाह करतात. तेथे २०१९ पासून एकच केंद्रीय कार्यालय परकीयांचे कागद तपासते आणि काम लवकर उरकते.

आता ही तपासणी आपल्या धुळे-जळगावच्या कागदांवर आणून पाहा. मुलाचा बाप्तिस्मा ज्या नावाने झाला ते नाव शाळेत घातले गेले नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे. पारपत्राच्या अर्जात आडनाव व दिलेले नाव असे दोनच रकाने, त्यामुळे वडिलांचे नाव कधी इकडे तर कधी तिकडे. आईचे नाव एका कागदावर माहेरचे, दुसऱ्यावर सासरचे. आपल्याकडे कोणालाही यात वावगे दिसत नाही, कारण नाव असेच चालते हे आपणास ठाऊक आहे. परदेशी अधिकाऱ्यास मात्र ही तीन वेगळी माणसे दिसतात. मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नावही बंधनकारक झाले. ते योग्यच झाले, मात्र वीस-पंचवीस वर्षांनी ही मुले परदेशात बोहल्यावर चढतील तेव्हा चार शब्दांचे नाव दोन रकान्यांत बसविण्याचे कसब त्यांना शिकावे लागेल.

जन्मनोंदीचा प्रश्न याहून गंभीर आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत घरी जन्मलेल्या आणि आज पंचविशी-तिशीत असलेल्या अनेकांची जन्मनोंद वेळेवर झालेली नाही. त्यांच्यापाशी बाप्तिस्म्याचा दाखला असतो. तो ख्रिस्तसभेत पुरेसा आहे. परंतु चर्चचा दाखला हा शासकीय दस्तऐवज नव्हे, म्हणून अपोस्टिलची साखळी त्याला सरळ लागत नाही. उशिरा नोंद करून घ्यावी तर मालेगावच्या प्रकरणानंतर २०२५ साली राज्य शासनाने त्याची पद्धत कडक केली आहे. गैरप्रकार रोखावेत याला आमचा विरोध नाही. पण जिचा जन्म खरोखरच झोपडीत झाला, जिच्या जन्माची लेखी नोंद फक्त आमच्या वहीत आहे, त्या मुलीला या कडकपणाचा जाच सर्वांत अधिक होतो. पारपत्र मिळाले म्हणजे जन्माचा पुरावा झाला असे समजून ती निश्चिंत राहते, आणि विवाहाच्या वेळी परदेशी कार्यालय पारपत्रापलीकडे मूळ जन्मदाखला मागते.

एक महिन्याची अट

फ्रान्समध्ये विवाहासाठी त्या गावात एक महिन्याचे वास्तव्य, आपल्या विशेष विवाह कायद्यात ३० दिवस, परदेशी विवाह कायद्यातही ३० दिवस, आणि ख्रिस्तसभेच्या १११५ व्या कलमात धर्मग्रामातील एक महिन्याचा मुक्काम. इतक्या वेगवेगळ्या कायद्यांनी महिनाच का मागावा?

याचे उत्तर चोरून होणाऱ्या विवाहांच्या इतिहासात आहे. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने विवाहाच्या जाहीर घोषणा सर्वत्र लागू केल्या. १५६३ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने धर्मगुरू व साक्षीदारांविना होणारा विवाह अवैध ठरविला. एकीला गुपचूप वचन देऊन दुसरीशी उघड विवाह करणाऱ्या पुरुषांना आवरणे हा त्यामागील हेतू होता. इंग्लंडमध्ये १७५४ पासून कडक विवाह कायदा आला, तेव्हा पळून जाणारी जोडपी स्कॉटलंडच्या सीमेवरील ग्रेटना ग्रीन या खेड्यात विवाह करू लागली. अखेर १८५६ मध्ये तेथेही २१ दिवसांच्या वास्तव्याची अट घालावी लागली. परक्या ठिकाणी त्या माणसाला कोणी ओळखत नाही, त्याचा भूतकाळ कोणाला ठाऊक नाही, म्हणून काही दिवस थांबा, कोणाला काही सांगावयाचे असेल तर सांगू द्या, असा तो विचार आहे.

तोच महिना आज दुसऱ्या अर्थाने जड झाला आहे. विशेष विवाह कायद्याखाली भिंतीवर लागलेली नोटीस पाहून ज्यांचा त्या विवाहाशी काही संबंध नाही अशी माणसे वधूच्या घरी पोहोचतात. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर ठेवावी असा निकाल दिला, पण कायद्यातील शब्द तसेच राहिले. आम्हास वाटते की, हरकत घेण्याचा हक्क आधीचा जोडीदार, आईवडील किंवा प्रत्यक्ष बाधित व्यक्ती यांना असावा. बघ्यांना तो नसावा. चर्चमध्ये आम्ही घोषणा करतो ती त्या दोघांना ओळखणाऱ्या मंडळीपुढे. ज्यांना कोणी ओळखत नाही अशांची नावे अनोळखी जमावापुढे टांगण्याने तो मूळ हेतू साधत नाही.

परकीय जोडपे खानदेशात

दोघेही परकीय नागरिक असतील आणि एक जरी ख्रिस्ती असेल, तर भुसावळ वा धुळ्याच्या चर्चमध्ये १८७२ च्या कायद्यानुसार त्यांचा विवाह होऊ शकतो. नागरी मार्गही मोकळा आहे. विशेष विवाह कायद्याचे चौथे कलम ‘कोणत्याही दोन व्यक्ती’ असे म्हणते, आणि दोघांपैकी एक भारतीय असलाच पाहिजे अशी अट त्यात नाही, हे दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यापूर्वी सरकारी संकेतस्थळावरील अर्जच परकीय जोडप्याला पुढे जाऊ देत नव्हता; कायदा मोकळा आणि अर्जाचा नमुना बंद. जिल्ह्यातील ३० दिवसांचे वास्तव्य मात्र दोघांपैकी एकाला चुकत नाही. जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या रजेवर येणाऱ्यांना म्हणूनच चर्चचा मार्ग सोपा पडतो, आणि तेथेच धर्मगुरूची जबाबदारी वाढते. येथे तो राज्याच्याही वतीने वही उघडत असतो. आजी ओळखीची आहे म्हणून नातू अविवाहित आहे असे मानून चालत नाही. त्याच्या देशाचा मोकळीकदाखला किंवा वकिलातीसमोरील प्रतिज्ञापत्र, गेल्या सहा महिन्यांत काढलेला बाप्तिस्म्याचा दाखला, विवाहपूर्व मार्गदर्शनाचे प्रमाणपत्र, त्याच्या धर्मग्रामाचे पत्र, आणि हे सारे तेथील बिशप-कार्यालयाच्या शिक्क्यासह, असे कागद हवेत. विवाहानंतर त्या दोघांनी आपापल्या देशात नोंद करावी हेही त्यांना सांगावे.

गोव्यात विवाह करू इच्छिणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की, १८७२ चा कायदा तेथे लागू नाही. पोर्तुगीज काळातील नागरी संहितेमुळे आधी नागरी निबंधकापुढे इच्छा नोंदवावी लागते आणि त्याचा कागद घेऊनच चर्चमध्ये जावे लागते. पतिपत्नीच्या मालमत्तेची भागीदारीही तेथे वेगळी आहे. आजोबा गोव्याचे आणि विवाह भुसावळला, अशा घरांनी वकिलाचा सल्ला आधी घेतलेला बरा.

ज्यांचा आधीचा विवाह मोडला आहे त्यांच्याबाबत थोडक्यात पण ठामपणे लिहितो. ख्रिस्तसभेच्या न्यायालयाने विवाह रद्दबातल ठरविला म्हणजे दिवाणी न्यायालयाचा घटस्फोट मिळाला असे होत नाही. मंगळुरूचे क्लॅरेन्स पायस यांनी चर्चच्या निवाड्यांना कायदेशीर मान्यता मिळावी म्हणून केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली. चर्चच्या कागदाच्या आधारे परदेशात पुन्हा विवाह करणारा भारतीय न्याय संहितेच्या ८२ व्या कलमाखाली द्विभार्याविवाहाचा आरोपी ठरू शकतो. उलटपक्षी केवळ दिवाणी घटस्फोटाने ख्रिस्तसभेत मोकळीक मिळत नाही. दोन्ही दारे वेगवेगळी ठोठवावी लागतात.

विधी आयोगाच्या अहवालाविषयी

२०१९ मध्ये राज्यसभेत मांडलेल्या अनिवासी भारतीयांच्या विवाह नोंदणी विधेयकात विवाहानंतर ३० दिवसांत नोंद न केल्यास पारपत्र जप्त करण्याची तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले, समितीने मार्च २०२० मध्ये अहवाल दिला, आणि विधेयक कायद्यात उतरले नाही. २०२४ च्या अहवालात विधी आयोगाने अधिक व्यापक कायदा सुचविला. नोंदणी सक्तीची करावी, पारपत्रावर वैवाहिक स्थिती व विवाह नोंदणी क्रमांक नमूद व्हावा, पतिपत्नीची पारपत्रे परस्परांशी जोडावीत, अशा त्याच्या शिफारशी आहेत. विवाह करून पत्नीला भारतातच सोडून नाहीसे होणाऱ्या नवऱ्यांवर यातून अंकुश येईल, आणि आमचा त्यांना पाठिंबा आहे.

तथापि आम्हास यात एक उणीव दिसते. विवाहितांची नोंद पारपत्रावर आली तरी अविवाहिताला परदेशात विवाह करताना लागणारा मोकळीकदाखला कोणत्या कार्यालयाने द्यावा, हा प्रश्न तसाच राहतो. वेगवेगळ्या कायद्यांखालील नोंदी, आपल्या त्रैमासिक विवरणांसह, एका सूचीत आल्या तर जिल्ह्याच्या ठिकाणीच असा दाखला देता येईल. धुळ्याची परिचारिका मग शपथपत्र, गृहविभाग आणि मुंबईतील शिक्के यांच्या फेऱ्यांतून सुटेल. ख्रिस्ती विवाहांची विवरणे गेली दीडशे वर्षे कायद्याने राज्याकडे जात आहेत. ती वापरात आणण्यास नवा कायदाही लागणार नाही.

तोपर्यंत, ज्यांची मुले परदेशात विवाह करणार आहेत अशा पालकांनी निदान सहा महिने आधी धर्मग्रामाच्या कार्यालयात यावे. परदेशातील चर्चला लागणारे कागद आम्ही सरळ पाठवीत नाही. ते नाशिक येथील बिशप-कार्यालयातून तेथील धर्मप्रांताकडे जातात, आणि त्याला वेळ लागतो. विवाह झाल्यावर तेथील धर्मगुरूने त्याची सूचना बाप्तिस्म्याच्या मूळ धर्मग्रामाकडे पाठवावी व ती बाप्तिस्म्याच्या नोंदीसमोर लिहिली जावी, असे ११२२ वे कलम सांगते. या सूचना पुष्कळदा आमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. म्हणून वधूवरांनी आपल्या बाप्तिस्म्याच्या चर्चचा पूर्ण पत्ता, तालुका, जिल्हा व पिनकोडसह, तेथील धर्मगुरूपाशी लिहून द्यावा आणि विवाहाच्या दाखल्याची एक प्रत स्वतःही आमच्याकडे पाठवावी.